शंभरातल्या बेचाळीस बादल्या

५ फेब्रुवारी

अहो कानसेन,

फोनवर तुम्ही तीनच वाक्यं बोलता. जेवलीस का, ताईंचा पाय कसा आहे, ठेवू का. म्हणून आजपासून मी फोन घेणार नाही. पत्र लिहायचं. कागद टेबलाच्या वरच्या खणात आहेत आणि पेन जिथं असायला हवं तिथंच, म्हणजे तुम्हाला सापडणार नाही. ताईचं प्लॅस्टर निघायला अजून पाच आठवडे आहेत. तेवढ्यात अठ्ठावीस वर्षांची थोडीफार तरी भरपाई करून घेईन म्हणते.

ताई बरी आहे. पाय अडकलाय, जीभ मोकळी आहे. दिवसभर मला घरकामातल्या चुका दाखवते आणि दुपारी दमून झोपते.

आता खरी बातमी. गेल्या आठवड्यात नायक भेटला. कोण नायक म्हणून कपाळाला आठ्या नकोत. लग्नाआधी आमच्या हौशी नाटकमंडळीत जो मुख्य काम करायचा आणि मी विंगेत पुस्तक धरून ज्याला शब्द द्यायचे, तोच. तो आपल्या दोन्ही गावांच्या मिळून असलेल्या नगरपालिकेच्या अध्यक्षपदाला उभा आहे हे तुम्हाला भिंतीवरच्या फोटोंवरून ठाऊक असेलच. इथल्या सभागृहात त्याचं भाषण होतं. मी सहज गेले. तो म्हणाला, "माझ्या आईच्या पिढीनं पहाट बादलीपाशी काढली. आपल्या मुलींनी पहाट झोपेत काढावी, एवढंच माझं राजकारण आहे." माझ्या शेजारची बाई पदर तोंडाला लावून रडत होती. मग तो म्हणाला की निवडून आलो तर घरोघरी चोवीस तास पाणी. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी.

आणि मध्येच थांबून त्यानं माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, माझी प्रॉम्प्टर तिसऱ्या रांगेत बसलीय, आता मला भीती नाही. सगळ्या माना वळल्या. पंचावन्नाव्या वर्षी मी लाजले हो.

तो अजूनही ओळी विसरतो. विसरला की डावा हात कानाच्या पाळीकडे जातो, हे फक्त मला माहीत. म्हणून आता ताई झोपली की मी त्याच्या कचेरीत जाते आणि सभेला पहिल्या रांगेत कागद घेऊन बसते. तुम्हाला काही वाटणार नाही म्हणा. तुम्हाला कशाचंच काही वाटत नाही.

तुमचीच

---

९ फेब्रुवारी

बाईसाहेब,

पेन सापडलं. डब्यात होतं.

मी जळतो आहे असं तुला वाटेल, म्हणून आधीच सांगतो की जळतो आहे. पण नळाचं गणित माझ्या जळण्यानं बदलत नाही, ते शांतपणे वाच.

टाकीतून शंभर बादल्या पाणी निघालं तर लोकांच्या घरी पोचतं अठ्ठावन्न. बेचाळीस बादल्या जमिनीत जातात. जुन्या नळवाहिन्या, गंजलेले सांधे. एकतीस वर्षं त्या सांध्यांना मी सळईचं एक टोक आणि दुसऱ्या टोकाला कान लावून बसलो, त्यामुळे हे मला कुणी सांगायला नको. आता तुझा नाटक्या चोवीस तास पाणी सोडणार म्हणतो. सोडेल. मग गळतीही चोवीस तास. टाकी दुपारपर्यंत कोरडी. गर्जेल तो पडेल काय, असं उगाच म्हणत नाहीत.

त्याच्याविरुद्ध आमच्या पाणीखात्यातल्या इंजिनिअर बाई उभ्या आहेत. माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाल्या त्या. त्यांनी बावन्न पानांची योजना लिहिली आहे. आधी गळती बंद, एकेक भाग घेऊन, तीन वर्षांत. पहिल्या वर्षी काम चालू असताना पाणी रोज एक तास कमी येईल, हेही पान एकतीसवर स्वच्छ लिहिलंय. असं कुणी लिहितं का निवडणुकीत? त्या लिहितात. संध्याकाळी आपल्याकडे येतात. जुन्या वाहिन्या कुठून गेल्या हे कागदावर चुकीचं आहे आणि माझ्या डोक्यात बरोबर आहे, म्हणून मी सांगतो आणि त्या नकाशावर लाल रेघ मारतात. नकाशा मोठा असल्यामुळे तुझं पुस्तकांचं कपाट बोळात सरकवलं आहे. पुस्तकांना काही झालेलं नाही. बाईंना माझा चहा आवडतो. मला नव्हतं वाटलं कुणाला आवडेल.

तू पहिल्या रांगेत बसतेसच, तर त्याला दोनच प्रश्न विचार. जास्तीचं पाणी कुठून आणणार? आणि आधी कोणती वाहिनी दुरुस्त करणार? बघ डावा हात कुठे जातो ते.

पंचावन्नाव्या वर्षी लाजायला हरकत नाही. पण माझ्यासमोर शेवटचं कधी लाजली होतीस ते मला आठवेना. दोन दिवस आठवतो आहे.

तुझा

---

१४ फेब्रुवारी

अहो,

तुमचे दोन्ही प्रश्न विचारले. भर सभेत, उभी राहून. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "पाणी कुठून येणार असं विचारता? जिथून धीर येतो तिथून." त्यानंतर पाच मिनिटं तो जे बोलला त्यावर लोक उभे राहिले. टाळ्या मीही वाजवल्या. घरी आल्यावर ताईनं विचारलं, मग उत्तर काय दिलं? मला सांगता येईना. सगळं आठवत होतं, त्यात उत्तर नव्हतं. ताई म्हणाली, बोलणाऱ्याची माती खपते. हे तुम्हाला आवडेल म्हणून लिहिलं. जास्त खूश होऊ नका.

कारण तुमच्या बाईंची पुस्तिकाही मी मागवून वाचली. बावन्न पानं. परिशिष्टं चार. 'दाब', 'व्यास', 'टप्पा' हे शब्द शेकड्यानं. 'आई' एकदाही नाही, 'बादली' एकदाही नाही. ज्या बाईनं पहाटे उठून पाणी भरलंय तिला या पुस्तिकेत कुठं उभं राहायचं ते कळणार नाही. बरोबर असेल सगळं. पण बरोबर असणं म्हणजे पोचणं नाही. एवढं बरोबर माणूस घरात असलं की काय होतं ते मी अठ्ठावीस वर्षं बघतेय.

आणि माझं कपाट बोळात? कानामागून आली आणि तिखट झाली, ती हीच. मला सांगा, बाईंना चहा कोणत्या कपात देता? निळ्या काठाच्या कपात देत असाल तर तेही लिहा, मला इथं बसून कल्पना करायचा कंटाळा आलाय. आपल्या लग्नानंतर पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, सळईतून काय ऐकू येतं हो? तुम्ही म्हणालात, आवाज. तेव्हापासून मी विचारलं नाही. आता कुणी परकी बाई येते आणि तुम्ही रोज संध्याकाळ बोलता. नकाशावर लाल रेघा मारण्याइतकं बोलता.

मग हेही वाचा. नायकानं मला विचारलंय की निवडणुकीनंतर इथंच राहून त्याची भाषणं सांभाळशील का. पगारी काम. ताईच्या घरात वरची खोली रिकामी आहे. सतरा मार्चपर्यंत उत्तर हवंय त्याला. मी नाही म्हटलेलं नाही. इथं कुणीतरी मला विचारतं, पुढचा शब्द काय. आपल्या घरातला पुढचा शब्द मला आधीच माहीत असतो.

---

२३ फेब्रुवारी

बाईसाहेब,

कप साधा पांढरा होता. निळा मी स्वतः वापरतो, तू गेल्यापासून.

परवा बाईंची सभा झाली. एकोणीस माणसं, त्यातली काही पंख्याखाली बसायला आलेली. तुझ्या नायकाच्या टाळ्यांचं वाचून मला चेव आला होता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी बोलायला उठलो. 'पहिल्या वर्षी पाणी एक तास कमी येईल' इथूनच सुरुवात केली. बसलो तेव्हा अकरा उरली होती. बाई म्हणाल्या, मुद्दा योग्य होता.

काल तो इथं आला. बाजाराच्या मैदानात, संध्याकाळी पाचला. तू आली नाहीस हे मी आधी पाहून घेतलं. चुका शोधायच्या म्हणून सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी उभा राहिलो. सुरुवातीचं सगळं मला ऐकूनही न ऐकल्यासारखं होतं. मग तो म्हणाला, "या गावात एक माणूस आहे. एकतीस वर्षं तो पहाटे रस्त्यावर गुडघा टेकून बसला, सळईला कान लावून. तुम्ही झोपेत होतात. त्याच्या उजव्या गुडघ्याला घट्टा आहे. घरी आला की तो आधी सळई पुसतो, मग स्वतःचे हात."

शेजारच्या शिंप्यानं मला ढोसलं. चार लोकांनी वळून पाहिलं. आणि मी रडलो. दुकानदारानं मला स्टूल दिलं.

घरी चालत आलो आणि वाटेत रडू गेलं नि बाकीचं सुरू झालं. सळई आधी की हात आधी, हे जगात एका माणसाला माहीत आहे. ती मला अठ्ठावीस वर्षांत हे बोलली नाही. त्याला बोलली. माझं चांगलं मला त्याच्या तोंडून कळावं, दोन हजार लोकांबरोबर, मतं मागता मागता? तो नुसता माझ्या बायकोशी बोलत असता तर मी इतका जळलो नसतो. त्यानं माझ्या वाटणीचे शब्द आधी ऐकले.

नंतर तो म्हणाला की अशा माणसांच्या बळावर चोवीस तास पाणी देऊ. मी गाडीपाशी जाऊन सांगणार होतो की तो माणूस असं होणार नाही म्हणतो. गर्दीतून जाता आलं नाही.

नोकरीचं तू ठरव. माझी हरकत नाही.

---

६ मार्च

अहो,

'माझी हरकत नाही.' अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य मी इतकं ऐकलंय की दाराच्या पाटीवर लावता येईल. ते वाचून दहा दिवस मी कागद हातात घेतला नाही. आज घेतलाय, कारण काल जे झालं ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळावं असं मला वाटत नाही. यापुढे तुमच्या वाटणीचे शब्द आधी तुम्हाला.

आधी सळईचं. त्यानं विचारलं होतं की पाण्याचं काम करणारा कुणी ओळखीचा आहे का, एखादी गोष्ट हवीय. मी म्हटलं, आहे. आणि बोलायला लागले. घड्याळ पाहिलं तर तास झाला होता. तुमच्याबद्दल तासभर बोलता येतं हे मलाच तेव्हा कळलं. तुम्हाला का नाही बोलले? तुम्ही समोर असलात की मला तुमचं न बोलणंच दिसतं. तुम्ही दूर असलात की तुम्ही दिसता. चूक झाली ती ही. माफी मागते.

त्याच्याकडे मी एकच मागणं केलं. या माणसाची गोष्ट सांगता, तर त्यानं जे शोधलं तेही सांगा. शंभरातल्या बेचाळीस बादल्या. तो म्हणाला, आकडा आला की टाळी जाते. कागदावरून खोडलं त्यानं.

काल शेवटची मोठी सभा होती. मैदान भरून लोक रस्त्यावर. बोलता बोलता तो थांबला आणि डावा हात कानाकडे गेला. ओळ विसरला होता. खाली माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर त्याचं भाषण होतं आणि त्याखाली तुमच्या बाईंची पुस्तिका. मी शब्द दिला: "शंभरातल्या बेचाळीस बादल्या जमिनीत जातात."

नटाला विंगेतून शब्द आला की तो आधी उच्चारतो, मग विचार करतो. हाडात मुरलेलं असतं ते. तो ठणठणीत आवाजात म्हणाला, "शंभरातल्या बेचाळीस बादल्या जमिनीत जातात."

टाळी गेली. पण लोक गेले नाहीत. मैदानाच्या पार मागून एका बाईनं विचारलं, "मग काय करणार?" त्यानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी पुढची ओळ दिली: "आधी गळती बंद. पहिल्या वर्षी पाणी एक तास कमी." त्याला नीट ऐकू गेलं. ओठ उघडलेले मी पाहिले. मग त्यानं ते मिटले, हसला आणि आईची नि पहाटेची गोष्ट पुन्हा सुरू केली. दोन मिनिटांत टाळ्या परत आल्या. मी नाही वाजवल्या.

तो माझ्यावर रागावला नाही. वाईट माणूस नाही तो. पाणी यावं असं त्याला मनापासून वाटतं. कुठून यावं, हा प्रश्न त्याला दुसऱ्या कुणाच्या नाटकातला वाटतो. काम मात्र अजून देतोय. म्हणतो, अशी प्रॉम्प्टर मिळणार नाही.

मी उत्तर दिलेलं नाही. ज्या घरी माझ्या नसण्याला कुणाची हरकत नाही, त्या घरी परत यायचं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगा.

---

१४ मार्च

बाईसाहेब,

निकाल तुला कळलाच. तो आला, बाई पडल्या. चांगल्याच पडल्या. मला लागलं ते. पण एक कबूल करतो: बावन्न पानं मी चार वेळा वाचली, एकदाही रडलो नाही. आणि तो खोटं बोलत होता तेव्हा रडलो. माणसाला दोन्ही लागतं, आणि आपल्याला उमेदवार अर्धा-अर्धा मिळाला.

आता इथली गंमत. तुझं सभेतलं वाक्य इथवर पोचलंय. काल बाजारात भाजीवाली मला म्हणाली, ते बेचाळीस बादल्यांचं काय झालं हो? पोस्टात तेच. पाणी दोन तासांऐवजी दीड तास आलं की लोक म्हणतात, गेल्या बेचाळीसात. त्याच्या कचेरीसमोर परवा बायकांनी रिकाम्या बादल्या ओळीनं मांडल्या, म्हणे मोजून बेचाळीस. चोवीस तासांचं कुणी विचारत नाही. आज सकाळी त्याचा माणूस बाईंच्या दारात आला होता, पुस्तिकेची प्रत मागायला.

बाई आल्या होत्या सांगायला. म्हणाल्या, मी बावन्न पानांत जे केलं नाही ते तुमच्या बायकोनं एका वाक्यात केलं. पुढची पुस्तिका त्यांनी लिहावी, मी आकडे देईन. तासभर तुझंच चाललं होतं. माझ्या चहाकडे लक्षही नव्हतं. आता मी बाईंवरही जळतो. तुझ्या बाबतीत मला रांगेत उभं राहायची सवय नाही.

सळईतून काय ऐकू येतं ते विचारलं होतंस. उत्तर उशिरा देतो. चालू नळ आणि गळती यांचा आवाज वेगळा असतो. नळ कुणीतरी बंद करतं, मग तो थांबतो. गळती थांबत नाही. एका सुरात, बारीक, कुणाला त्रास न देता चालू राहते, आणि वरचा रस्ता कोरडा असतो म्हणून लोकांना वाटतं सगळं ठीक आहे. असे शेकडो आवाज मी शोधले. घरातला ऐकला नाही. दोष कानाचा नाही. मी कान लावला नाही.

तेव्हा नीट लिहितो. माझी हरकत आहे. तू तिकडे राहायला माझी मोठी हरकत आहे. नायकानं तुला पाहून बोट करायला आहे, तुझ्या लाजण्याला आहे, वरच्या खोलीला आहे. तुला तिथं राहावंसं वाटलं तर तू राहशील आणि मी अडवणार नाही, पण हरकत असेल आणि रोज असेल.

चोवीस तासांचं आश्वासन देत नाही, मला जमणार नाही. बाईंच्या पद्धतीनं सांगतो. पहिल्या वर्षी रोज एक तास बोलेन.

कपाट मूळ जागी लावलं. नकाशा बोळात.

तुझा

---

१७ मार्च

अहो कानसेन,

तुमचं पत्र काल आलं. मी तीनदा वाचलं, ताईनं एकदा, न विचारता. आज कचेरीत जाऊन नाही म्हणून सांगितलं. नायकानं कारण विचारलं. मी म्हटलं, घरून हरकत आहे. म्हणताना लाजले, हे तुमच्या माहितीसाठी.

बाईंना निरोप द्या की पुस्तिका मी लिहीन, आणि पहिल्या पानावर बादली असेल. चहाला मी घरी असताना यायचं.

ताईचं प्लॅस्टर निघालं. रविवारी साडेतीनच्या बसनं येते. स्टँडवर या. तास तिथूनच मोजायला सुरुवात करू. तुम्हाला काय बोलावं सुचणार नाही, हे मला माहीत आहे. घाबरू नका. अडलात तर माझ्याकडे बघा, पुढचा शब्द मी देईन.